बटणांचे पूर्वज

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यांत एखादा तरी फोटो स्टुडिओ असतोच. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम, सगळी कामं तिथे एकाच टेबलावर चालतात. पण सगळ्यांत अवघड काम बहुधा दुखवट्याच्या घरातून येतं. घरातलं वडीलधारं माणूस गेलेलं असतं, हार घालायला फोटो हवा असतो आणि त्या माणसाचा एकट्याचा असा फोटोच सापडत नाही. सापडतो तो पंधरा वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी लग्नातला. तिसऱ्या रांगेत उभा असलेला माणूस, खांद्यावर शेजाऱ्याचा हात, निम्म्या चेहऱ्यावर मांडवाच्या कापडाची सावली, फेट्याचा तुरा पुढच्याच्या डोक्याआड गेलेला. स्टुडिओतला पोरगा तो फोटो स्कॅन करतो. माणूस गर्दीतून कापून वेगळा काढतो, खांद्यावरचा हात घालवतो, हाताखालचं सदऱ्याचं कापड नव्याने विणल्यासारखं तयार करतो, मागे फिकट निळी पार्श्वभूमी टाकतो. संध्याकाळी घरातली म्हातारी फ्रेम हातात घेते, बराच वेळ बघत राहते आणि म्हणते, “हां, हेच.”

त्या ‘हेच’साठी त्या पोराने निदान वीसेक निर्णय घेतलेले असतात. सावली उचलायची, पण किती? जास्त उचलली तर चेहरा राखेसारखा दिसतो. सुरकुत्या ठेवायच्या की पुसायच्या? सगळ्या पुसल्या तर म्हातारीला तो माणूस ओळखूच येणार नाही. मांडवाच्या गुलाबी कापडाचा रंग गालावर उतरलाय, तो काढताना मूळचा सावळा वर्ण जाता कामा नये. हे त्याला कुणी वर्गात शिकवलेलं नसतं. आधीच्या ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभं राहून, चुका करून आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन तो ते शिकलेला असतो. त्याच्याकडे जे ज्ञान आहे त्याला मराठीत पुस्तकाचं रूप फारसं मिळालेलं नाही, आणि प्रस्तुत पुस्तकाचा जन्म या उणिवेतून झाला आहे.

पुस्तक त्याच्यासाठी आहे आणि त्याच्यासारख्या इतरांसाठीही. मोबाइलवर स्नॅपसीड उघडून कॉलेजच्या सहलीचे फोटो उजळणारी मुलगी, निवृत्तीनंतर घरातला जुना अल्बम स्कॅन करायला बसलेले काका, ताडोब्यातून दोन हजार फोटो घेऊन परतलेली आणि त्यांचं काय करायचं हे न कळलेली हौशी छायाचित्रकार, या सगळ्यांची अडचण एकच असते. स्क्रीनवर बटणं शेकड्यांनी आहेत. प्रत्येक बटण काय करतं ते सांगणारे व्हिडिओ हजारोंनी आहेत. कोणतं बटण का जन्माला आलं हे मात्र क्वचितच कुणी सांगतं, आणि ते कळलं नाही तर शिकणं पाठांतराच्या पुढे सरकत नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, बटणाची जागा बदलली, की पाठांतर कोलमडतं.

म्हणून या पुस्तकाने एक ठाम भूमिका घेतली आहे: प्रत्येक बटणाला एक पूर्वज आहे, आणि तो पूर्वज ओळखीचा झाला की बटण आपोआप कळतं.

हे पूर्वज बहुतेक अंधाऱ्या खोलीत सापडतात. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या भिंगातून ब्रोमाइड कागदावर उजेड पडत असताना चेहरा जास्त काळा होऊ नये म्हणून तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरून हलवत राहायची, याला ‘डॉजिंग’ म्हणत. आभाळ फारच फिकं येत असेल तर बाकीचा कागद झाकून तेवढ्या भागाला हाताच्या पोकळीतून जास्त उजेड द्यायचा, हे ‘बर्निंग’. फोटोशॉपमध्ये आजही डॉज टूलचं चिन्ह काडीवरच्या चकतीचं आहे आणि बर्न टूलचं चिन्ह वळलेल्या हाताचं. ज्याने कधी डार्करूम पाहिलेली नाही त्याला ही दोन्ही चिन्हं निरर्थक वाटतात. ज्याने पाहिली आहे, तो माउस हातात धरतानाही चकती हलवल्यासारखा हळूहळू, कडा पुसट ठेवत काम करतो. ‘अनशार्प मास्क’ हे नाव तर प्रत्येक नवशिक्याला चकवतं, कारण त्याने फोटो धारदार होतो आणि नावात मात्र धार नसल्याचं म्हटलंय. उलगडा डार्करूममध्येच होतो. निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत काढून ती निगेटिव्हला अचूक जोडायची आणि दोन्हींमधून उजेड सोडून प्रिंट काढायची. धूसर प्रत मोठे उजेड-अंधार सौम्य करते, पण बारीक कडांना हात लावत नाही, आणि कडा उठून दिसतात. ‘कर्व्ह्ज’मधली वाकणारी रेघही अशाच जुन्या कुळातली आहे. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी 1890 साली प्लेटवर पडलेला उजेड आणि तिच्यावर उमटलेली काळोखी यांचं नातं आलेखावर मांडलं; तो आलेखही असाच वळणदार होता.

फोटोत फेरफार ही संगणकाची देणगी आहे, हा समज म्हणूनच टिकत नाही. 1850च्या दशकात फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राची चित्रं काढत होता. त्या काळच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील होत्या, की समुद्र नीट यावा इतका वेळ दिला तर आभाळ कोरं पांढरं यायचं. ल ग्रे आभाळाची वेगळी आणि समुद्राची वेगळी निगेटिव्ह घेऊन क्षितिजाच्या रेषेवर जोडायचा. आजचे फोन दोन-चार एक्स्पोजर एकत्र करून जे करतात, ते त्याने काचेवर केलं. 1857 साली ऑस्कर रेय्लांडर याने तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच भव्य दृश्य उभं केलं आणि मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडलं. त्यावर गदारोळ झाला, आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची एक प्रत विकत घेतली. छायाचित्र म्हणजे कला की लबाडी हा वाद तेव्हापासून कधी शमलेलाच नाही.

मुंबईला हे तंत्र फार उशिरा कळलं असंही नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे 1854ची, म्हणजे ल ग्रेच्या समुद्रचित्रांच्या आसपासची. पुढे धुंडिराज गोविंद फाळके यांनी छायाचित्रण आणि ब्लॉक-मेकिंग ही दोन्ही कामं पोटासाठी केली, आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी रोज थोडं थोडं चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. 1917च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघांचीही कामं केली, म्हणजे एकच माणूस पडद्यावर दोन रूपांत दिसला. फाळक्यांची नजर घडली होती ती निगेटिव्ह, ब्लॉक आणि रसायनांच्या सहवासात. दादासाहेबांना चित्रपटाचे जनक म्हणून मराठी माणूस ओळखतो. प्रतिमेचे संपादक म्हणूनही त्यांचा अभ्यास व्हायला हवा.

भारतातल्या स्टुडिओंची स्वतःची एक रीत होती. एकोणिसाव्या शतकात इथे फोटोवर जलरंग आणि अपारदर्शक रंग चढवले जात. कधी ते इतके दाट असत की खालचा फोटो शोधावा लागे. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझी यांनी जमवलेल्या प्रचंड छायाचित्रसंग्रहात अशी रंगवलेली छायाचित्रं मोठ्या संख्येने आहेत. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्टोफर पिन्नी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा या औद्योगिक गावातल्या स्टुडिओंवर लिहिलं, ते ‘कॅमेरा इंडिका’ हे पुस्तक 1997चं. तिथल्या गिऱ्हाइकाला स्वतःची नक्कल नको होती; आपण काय होऊ शकतो ते त्याला फोटोत बघायचं होतं. एसटी स्टँडसमोरचा स्टुडिओ याच परंपरेत बसतो. कोट नसलेल्या माणसाला कोट घालणारा ऑपरेटर पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, पण तो या विषयाच्या इतिहासाचा भाग आहे आणि या पुस्तकात त्याला जागा मिळाली आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यात अॅन्सेल अॅडम्सने दुसरी वाट मळवली. फ्रेड आर्चरसोबत त्याने ‘झोन सिस्टिम’ बांधली: शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, आणि फोटो काढण्याआधीच कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची हे ठरवणं. 1941 साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्र त्याने टिपला. त्या एका निगेटिव्हच्या हजाराहून जास्त प्रिंट त्याने पुढच्या दशकांत काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटांत आभाळ करडं आहे, ढग दिसतात. नंतरच्यांत ते जवळजवळ काळं होत गेलं. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं तो मानत असे. एकच बंदिश गवयाच्या तिशीत आणि साठीत ऐकलेल्या मराठी श्रोत्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. शिकणाऱ्याने हर्नांडेझच्या या चंद्राच्या, म्हणजे ‘मूनराइज’च्या, दोन वेगवेगळ्या काळांतल्या प्रिंट शेजारी ठेवून तासभर बघाव्यात. कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त हाती लागतं.

संगणकाचं प्रकरण इथे थोडक्यात पुरेसं आहे. 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला. तो 176 गुणिले 176 पिक्सेलचा होता. 1975 साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांचा डिजिटल कॅमेरा तयार झाला, आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागत. पण या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना आहे मिशिगनमधल्या एका घराच्या तळघरातली. प्राध्यापक ग्लेन नॉल यांनी तिथे डार्करूम थाटली होती, आणि त्यांचा मुलगा थॉमस तिथे प्रिंट काढायला आणि रंग तोलायला शिकला. 1987 साली पीएच.डी. करताना त्याने आपल्या मॅकिंटॉशवर करड्या छटा दिसाव्यात म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन चित्रपटांतल्या दृश्यचमत्कारांवर काम करत होता; त्याला त्यातली ताकद दिसली. फेब्रुवारी 1990मध्ये अॅडोबीने तो ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आणला. जगातलं सर्वांत प्रसिद्ध एडिटिंग सॉफ्टवेअर डार्करूममध्ये वाढलेल्या मुलाने लिहिलं, हा योगायोग मानला तर त्या चकतीच्या आणि हाताच्या चिन्हांचा अर्थच निसटतो.

पुढचे टप्पे शिकणाऱ्याच्या सवयी बदलणारे ठरले. 1994 साली फोटोशॉपमध्ये लेअर आले आणि मूळ चित्राला हात न लावता त्यावर पारदर्शक कागद ठेवल्यासारखं काम करता येऊ लागलं. 1998पर्यंत एकापाठोपाठ अनेक पावलं मागे जाण्याची सोय नव्हती, हे आजच्या विद्यार्थ्याला खरं वाटत नाही. 2007मध्ये लाइटरूम आलं, आणि फाइलमध्ये बदल करण्याऐवजी बदलांची यादी साठवण्याची पद्धत रुळली. रॉ फाइल म्हणजे डिजिटल निगेटिव्ह हे समीकरण याच काळात घट्ट झालं. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची काच असते, ब्राइस बायर यांच्या 1976च्या पेटंटमधल्या जाळीप्रमाणे निम्म्या हिरव्या आणि पाव-पाव लाल नि निळ्या. बाकीचे रंग गणिताने भरले जातात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या, तर 14 बिटांच्या रॉमध्ये 16,384. हळदीच्या कार्यक्रमातले फोटो जेपेगमध्ये काढले, की पिवळा तोल सावरताना चेहऱ्यावर पट्टे उमटतात, ते पायऱ्या कमी पडल्यामुळे.

पैशांची बाजूही बोलायला हवी. महाराष्ट्रातल्या कितीतरी ऑपरेटरांची पहिली ओळख चोरून उतरवलेल्या फोटोशॉपशी झाली, कारण अधिकृत प्रत त्यांच्या आवाक्यात नव्हती. 2013पासून दरमहा पैसे भरायची पद्धत आली. पण मोफत पर्याय त्याच्याही आधीपासून होता. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995मध्ये ‘गिंप’ सुरू केलं, आणि मार्च 2025मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी आहेत. ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपीया आहे. या पुस्तकातला प्रत्येक स्वाध्याय सॉफ्टवेअरसाठी पैसे न मोजता करता येतो. तो संपादकांचा आग्रह होता आणि तो योग्य होता.

या क्षेत्रात घराणी आहेत म्हटलं तर वावगं ठरणार नाही. अॅडम्सच्या वाटेने जाणारे निसर्गचित्रकार छटांचे उपासक असतात. ते काही घालत-काढत नाहीत, पण उजेड कुठे साचावा हे ठरवतात. पोर्ट्रेट आणि फॅशनचे रिटचर त्वचेच्या एकेका रंध्रावर काम करतात. जोडचित्रांचं घराणं रेय्लांडरपासून निघतं. जेरी युल्समनने अनेक एन्लार्जर ओळीने मांडून डार्करूममध्येच स्वप्नांसारखी दृश्यं जोडली. भारतात विवान सुंदरम यांनी आपले आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरातले फोटो संगणकावर एकमेकांत गुंफून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. उमरावसिंगांची चित्रकार मुलगी अमृता वेगवेगळ्या वयांत एकाच खोलीत उभी राहते, आणि घरातला अल्बम नुसता जपायचा नसतो, त्याच्याशी बोलताही येतं, हे उमगतं. जुनी छायाचित्रं दुरुस्त करणाऱ्यांचं घराणं सर्वांत शांत आणि सर्वांत सोशिक. वैज्ञानिक प्रतिमांचं घराणं सर्वांत तरुण.

वृत्तछायाचित्रकारांचं घराणं मात्र सर्वांत कडक, आणि ते तसं का झालं हे समजून घेण्यासारखं आहे. फेब्रुवारी 1982च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या पानात बसावेत म्हणून संगणकाने जवळ सरकवले गेले. 2006मध्ये बैरुतवरच्या हल्ल्याच्या फोटोत धूर वाढवलेला आढळला, तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराचे सगळे 920 फोटो संग्रहातून काढून टाकले. धुराचे तेच ते गोळे एकाखाली एक छापल्यासारखे दिसत होते. क्लोन टूलची ती खूण आहे, आणि ती ओळखायला शिकणं हाही या विषयाचाच भाग. 2015च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे 20 टक्के छायाचित्रं मूळ फाइलींशी ताडून बाद करण्यात आली.

आता प्रश्न शिकायचं कुठे, याचा. एडिटिंग शिकायला लागणारं उत्तम साहित्य मोफत पडलेलं आहे, पण ते एडिटिंगचं साहित्य म्हणून कुठे मांडलेलं नाही.

सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की हा रशियन रसायनतज्ज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झारच्या मदतीने देशभर फिरला. प्रत्येक दृश्याचे निळ्या, हिरव्या आणि लाल काचेतून एकापाठोपाठ तीन कृष्णधवल फोटो तो एकाच उभ्या प्लेटवर घ्यायचा. त्याच्या प्लेटा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1948 साली विकत घेतल्या आणि पुढे स्कॅन करून सर्वांना खुल्या केल्या. त्यातली एक प्लेट उतरवावी, तिचे तीन तुकडे करावेत, गिंपमध्ये लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलमध्ये ठेवावेत आणि एकमेकांवर बसवावेत. 1911मधला बुखाराचा अमीर निळ्याशार झग्यात समोर येऊन बसतो. पाणी वाहत असेल तिथे इंद्रधनुषी रेघा दिसतात, कारण तीन फोटोंच्या मधल्या वेळात पाणी हललेलं असतं. चॅनेल म्हणजे काय, हे यानंतर कुणाला विचारावं लागत नाही. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल फोटोत सपाट डागासारखा का येतो, तेही इथेच कळतं. लाल चॅनेल काठोकाठ भरून गेलेला असतो, त्यातला तपशील संपलेला असतो. जे काही उरलंय ते हिरव्यात शोधायचं असतं.

दुसरं साहित्य 2011चं. एमआयटी आणि अॅडोबीच्या संशोधकांनी 5,000 रॉ फोटो जमवले आणि कलाशाळेतल्या छायाचित्रणाच्या पाच विद्यार्थ्यांकडून ते सगळे स्वतंत्रपणे दुरुस्त करून घेतले. म्हणजे प्रत्येक फोटोची पाच उत्तरं. हेतू यंत्राला शिकवण्याचा होता, पण माणसालाही त्यातून फार शिकता येतं. पाच सक्षम डोळे एकाच फोटोकडे बघतात आणि एक जण सावली गडद ठेवतो, दुसरा उघडतो, तिसरा सगळं उबदार करतो. बरोबर उत्तर एकच असतं या समजुतीतून सुटायला याहून चांगलं औषध नाही. तिसरं साहित्य थेट गुरू ग्रहाजवळून येतं. नासाचं जुनो यान जुलै 2016मध्ये तिथे पोहोचलं, आणि त्यावरच्या जुनोकॅमच्या कच्च्या प्रतिमा कुणालाही घेऊन घडवता येतात. गुरूच्या वादळांची अनेक गाजलेली चित्रं जगभरच्या हौशी लोकांनी घरी बसून घडवलेली आहेत.

पुस्तकांमध्ये डॅन मार्ग्युलिस यांची रंगावरची पुस्तकं कठीण पण अनमोल आहेत. ते डोळ्यापेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकवतात, आणि वाईट मॉनिटरवर काम करणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं. जुन्या फोटोंसाठी कॅट्रिन आइसमन यांचं पुस्तक आहे. व्हिडिओंमध्ये उन्मेष दिंडा यांच्या ‘पिक्सइम्परफेक्ट’चा उल्लेख करायलाच हवा, कारण ते कृतीआधी कारण सांगतात. बाकीच्या बहुसंख्य व्हिडिओंचं दुखणं असं, की ते एकाच फोटोवर एकच परिणाम साधून दाखवतात. शिकणारा तोच परिणाम आपल्या फोटोवर लादतो आणि तो का बसत नाही हे त्याला कळत नाही. बाजारात मिळणाऱ्या तयार पीएसडी अल्बमांनी लग्नाच्या फोटोंचं हेच केलं. कोल्हापूरची नवरी असो की नांदेडची, मागे तेच फुलपाखरू आणि तोच धबधबा.

आणि प्रेरणा? ती शोधायला चित्रांकडे जावं. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून लालसर उजेड झिरपतो आणि चेहऱ्यावर सावकाश विरत जातो. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. जिथे काही करायचं नाही, ती जागा चित्रकाराला सर्वांत आधी ठरवावी लागते. फोटोतला जळालेला पांढरा भागही कोणत्याही स्लायडरने परत येत नाही. गोव्यात जन्मलेले अँतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं पणजीत फुंदासांव ओरिएंतमध्ये बघता येतात. अंधारातून चेहरा कसा उमलावा आणि अंधारातही रंग कसा जिवंत ठेवावा, हे त्यांच्याकडून शिकावं. एडिटिंग शिकणाऱ्याने महिन्यातला एक दिवस स्क्रीन बंद करून चित्रांसमोर घालवावा, अशी सूचना पुस्तकात आहे, आणि ती मनापासून केलेली आहे.

हे सगळं आजच सांगण्याची निकड कशासाठी? एक तर एडिटिंग आता ऐच्छिक राहिलेलं नाही. फोनचं बटण दाबताच तो अनेक फ्रेम टिपून जोडतो, सावल्या उचलतो, चेहरा ओळखून त्वचा मऊ करतो. माणसाने काही ठरवण्याआधीच कारखान्यात बसलेल्या कुणीतरी त्याच्या वतीने ठरवलेलं असतं. आणि 2023पासून शब्द टाइप केले की फोटोत नसलेली वस्तू उगवते. खांद्यावरचा हात काढून सदरा विणणारं ते तासाभराचं काम आता काही सेकंदांत होतं. त्यात वाईट काही नाही, कष्ट वाचतात. पण 2021मध्ये कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांचे फोटो एका कलाकाराने रंगीत केले आणि त्यातल्या काहींच्या ओठांवर हसू आलं. ते प्रसिद्ध करणाऱ्या माध्यमाला लेख मागे घ्यावा लागला. मृत्यूच्या दारातल्या माणसाच्या चेहऱ्यावर परकं हसू ठेवणं ही तांत्रिक चूक नाही. तंत्र येण्याआधी ज्या प्रश्नांना सामोरं जायला हवं होतं, ते विचारलेच गेले नाहीत.

आपल्याकडचा तसाच एक प्रश्न वर्णाचा आहे. कोडॅकच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी पाठवली जाणारी ‘शर्ली’ कार्डं दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीच्या चेहऱ्याची होती. सावळ्या छटा नीट याव्यात म्हणून दबाव आला, तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांकडून. तो वारसा फिल्टरांत शिल्लक आहे. लग्न जुळवताना पाठवायच्या फोटोत मुलीला ‘थोडी गोरी करा’ असं सांगणारे पालक प्रत्येक ऑपरेटरने पाहिले आहेत. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017पासून मॉडेलचा बांधा बदललेल्या जाहिरातींवर तसं छापावं लागतं, नॉर्वेनेही पुढे तसा कायदा केला. पुस्तकाची भूमिका इथे स्पष्ट आहे: सावळी त्वचा ही दुरुस्त करायची चूक नाही. तिच्यातला लालसर, सोनेरी, जांभळट उजेड जपून कसा आणायचा याची पद्धत पावलापावलाने सांगितली आहे, आणि मराठीत ती प्रथमच इतक्या तपशिलाने आल्याचा आनंद वाटतो.

पुस्तकाची रचना सॉफ्टवेअरच्या मेन्यूप्रमाणे नाही. प्रत्येक तंत्राची सुरुवात त्याच्या पूर्वजापासून होते, मग ते हाताने करायचा एखादा लहान प्रयोग येतो, खिडकीतल्या उजेडात ट्रेसिंग पेपर धरून करता येईल असा, आणि त्यानंतरच स्क्रीन. लेअर, मास्क, हिस्टोग्राम यांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द दिलेले नाहीत, कारण स्टुडिओत कुणी ते वापरणार नाही. पण ‘मास्क’ म्हणजे काय हे सांगताना रांगोळीच्या छाप्याचं उदाहरण घेतलंय. भोकं असतील तिथे रंग पडतो, पत्रा असेल तिथे नाही. एवढ्या एका वाक्याने कितीतरी पानं वाचतात.

शेवटचा स्वाध्याय हाराच्या फोटोचा आहे. घरातला एखादा जुना ग्रुप फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करायचा, मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिला पुन्हा हात लावायचा नाही, आणि त्यातलं एक माणूस वेगळं काढून त्याच्या दोन प्रती तयार करायच्या. एकीत फक्त डाग आणि ओरखडे काढायचे. दुसरीत सावल्या, सुरकुत्या, पार्श्वभूमी सगळं हवं तसं बदलायचं. दोन्ही पोस्टकार्डाच्या आकारात छापून, काही न सांगता, त्या माणसाला ओळखणाऱ्या घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीसमोर ठेवायच्या. ती कोणती उचलते, आणि उचलताना काय म्हणते, ते लिहून ठेवण्यासाठी त्या पानावर आठ ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.